कमरेची किल्ली

गंगापूर रोड, नाशिक
६ जुलै २०२५

लंका,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फोन वाजून वाजून गप्प होतो. पत्र तसं नसतं, ते उशाशी पडून राहतं. एक आधीच सांगते, ‘परत ये’ हे दोन शब्द या पत्रात इथे आले तेवढेच. शेवटपर्यंत वाचून खात्री करून घे आणि मग हवं तर चुलीत घाल.

भिकनमामा चार माणसं घेऊन तुला आणायला घोटीला आला होता, आणि तू सगळ्यांना चहा देऊन भात लावायला निघून गेलीस, हे मला त्याच्याच तोंडून कळलं. फार चिडलाय. मला म्हणाला, “आगं, नाथा पीत व्हता तवा पंधरा वर्सं गपगुमान नांदली, अन् आता तो सुधारला तर माहेरी जाऊन बसली. बाईचं डोकं उलटं हाय.” मी म्हटलं, “मामा, डोकं सुलटं आहे, तुम्हीच उलटे उभे राहून बघताय.” तेव्हापासून तो माझ्याशीही बोलत नाही. माझ्या लग्नातही असाच रुसला होता, जेवला मात्र दोनदा.

नाथा माझा पाठचा भाऊ. पण भावाची वकिली करायची असती तर मी इतका कागद खर्च केला नसता. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि दारू सुटलेल्या माणसांच्या घरांचा अभ्यास करते. तू एकदा मला विचारलं होतंस, “सुटल्यावर कसला अभ्यास आक्का? सुटली की संपलं.” आता तुला कळलं असेल. सुटली की सुरू होतं.

घर खाटेसारखं असतं. एक पाय मोडला की आपण खाली वीट लावतो आणि खाट उभी राहते. सगळे तिच्यावर बसतात, उठतात, निवांत झोपतात. मग एक दिवस सुतार येऊन पाय बसवून देतो. लोक पायाला हार घालतात आणि वीट अंगणात फेकतात. तुझं हेच झालं, फक्त ही वीट स्वतःच्या पायांनी चालत घोटीला गेली. मला त्याचा आनंदच झाला. हे आईला सांगू नकोस.

नाथानं दारू सोडल्याला वर्ष झालं म्हणून गावात सत्कार झाला, त्या दिवशी मी पुण्यात एका परिषदेत होते. विषय होता ‘व्यसनमुक्तीनंतरचं कुटुंब’. हसू नकोस. पारावर काय झालं ते मला नाथानंच सांगितलं. शाल झाली, नारळ झाला, ‘घराला कर्ता पुरुष परत मिळाला’ असं भाषण झालं. आणि मग आईनं सगळ्या गावादेखत तुझ्या कमरेची ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि नारळाबरोबर लेकाच्या हातात ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती किल्ली तुझ्या कमरेला का आली, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत कुणाला आठवलं नसावं. पिऊन त्यानं ट्रॅक्टर पाटाच्या पाण्यात घातला, त्या दिवशी तू ती काढून घेतलीस. मग ट्रॅक्टर चालवायला शिकलीस. मग कांदा भरून विंचूरच्या बाजारात जायला लागलीस, आणि ट्रॉलीजवळ उभी राहून व्यापाऱ्यांशी बोलायला लागलीस. सुरुवातीला लोक तोंडाला रुमाल लावून हसले. पुढे ‘लंकाबाईचा माल’ म्हटल्यावर वरचा थर उकरून खालचा कांदा बघायचे बंद झाले. बाजारात याहून मोठा सत्कार नसतो, आणि तो पारावर होत नाही.

सत्कारानंतरच्या बुधवारी नाथा एकटाच माल घेऊन गेला. तुला म्हणाला, “तू कशाला दगदग करती? आता मी हाय ना.” त्याला वाटलं तो प्रेमानं बोलतोय. प्रेमानंच बोलत होता गं, तेच तर अवघड आहे.

हर्षाली हॉस्टेलवर मजेत आहे. रविवारी माझ्याकडे येते आणि तुझी लेक शोभेल इतकं माझं डोकं खाते. नाथा ठीक आहे. आई ठीक आहे. चिखलात दिवसभर उभी राहतेस, रात्री पायांना तेल लावत जा.

तुझी
आक्का


नाशिक
२० जुलै २०२५

लंका,

तुझा भाऊ संतोष परवा सातपूरला कंपनी सुटल्यावर येऊन गेला. तांदळाची पिशवी ठेवली. चिठ्ठी नव्हती. मी पिशवी उलटी करून पाहिली, खोटं कशाला बोलू? भात टाकला तर घरभर वास सुटला. रागावलेली बाई नणंदेला घरचा तांदूळ पाठवत नाही, एवढं कळायला पीएच.डी. लागत नाही.

जाता जाता संतोष दारात थांबला. बूट घालता घालता खाली बघत म्हणाला, “ताईनं इचारलंय, परत घेतली का?”

तुला सरळ उत्तर देते. घेतली नाही. पण मागच्या पत्रात ‘नाथा ठीक आहे’ लिहिलं ते बारा आणेच खरं होतं. तू गेल्यावर थोड्या दिवसांनी तो दारूच्या दुकानापर्यंत गेला होता. बाहेरच्या बाकड्यावर बराच वेळ बसला, आणि उठून परत आला. आल्या आल्या त्यानं स्वतःच आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात फोन करून सांगितलं. मी तुला ते लिहिलं नाही, कारण कळलं असतं तर तू भात लावायचा सोडून धावत आली असतीस, आणि आल्याबरोबर पुन्हा त्याची राखणदार झाली असतीस. लोक म्हणाले असते, बघा, बायको गेली म्हणून निघाला होता, आली म्हणून वाचला. त्याची दारू अशी तुझ्या गळ्यात मी बांधू देणार नाही. ती त्याची आहे, त्यालाच सांभाळू दे. तो सांभाळील. मी त्यालाही ओळखते आणि त्या रोगालाही.

इकडे आईनं नवी नोकरी धरलीय. संध्याकाळी दारात उभी राहते आणि लेक आला की म्हणते, “हा कर.” पंचेचाळिशीचा बाप्या तोंड उघडून उभा राहतो आणि ती टाचा उंचावून हुंगते. पूर्वी हे काम तुझं होतं. घरातलं माणूस गेलं तरी त्याची जागा रिकामी राहत नाही. दुसरं कुणीतरी तिथे जाऊन बसतं आणि त्याला वाटतं, आपण स्वखुशीनं बसलोय. मी आईला म्हटलं, “आई, हुंगायचं सोड आता.” तर म्हणाली, “सोडते की. अन् नाय हुंगलं अन् पिऊन आला तर तू येशील का नाशकाहून?” यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पुस्तकातलं होतं.

तुला एक गोष्ट सांगते. आमच्या अभ्यासात मालेगावचं एक घर होतं. नाव बदलून त्या बाईला खुर्शीदा म्हणू. नवरा यंत्रमागावर कामाला, नशेच्या गोळ्या खायचा. त्याच्या गोळ्या सुटल्या आणि हिचं डोकं दुखायला लागलं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडेना. एकदा बोलता बोलता म्हणाली, “मॅडम, ये तो अच्छे हो गए. अब मेरा काम क्या है?” हे वाक्य मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. मग आम्ही त्या दोघांना समोरासमोर बसवलं आणि घरातली कामं पुन्हा पहिल्यापासून वाटायला लावली. पुढे खुर्शीदानं शिवणकाम सुरू केलं आणि नवरा स्वयंपाक शिकला. डोकं थांबलं. त्याच्या भाजीत मीठ अजून जास्तच असतं म्हणे.

तू डोकं दुखवून घेतलं नाहीस. पिशवी भरलीस आणि गाडीत बसलीस. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात इतकं स्वच्छ बोलणारी बाई मी पाहिली नाही, आणि तू तर एक शब्दही बोलली नाहीस.

मला तुझी आठवण येते. हे डॉक्टरबाई म्हणून नाही, नुसतीच.

आक्का


नाशिक
१० ऑगस्ट २०२५

लंका,

हे पत्र संतोषच्या हाती देते, कारण पोस्टानं बुधवारच्या आत पोचायचं नाही. बुधवारचं पुढे सांगते.

काल नाथा राखीला आला होता. तुझ्याच तांदळाचा नारळीभात केला होता. ताट समोर ठेवलं तर त्यानं ते बाजूला सरकवलं. मग म्हणाला, “आक्का, त्या सायलीबाईनं मला भांडी मांडाया लावली.”

सायली माझी जुनी विद्यार्थिनी, केंद्रात नाथाशी तीच बोलते. मी त्या खोलीत जात नाही. भावाची डॉक्टर बहिणीनं होऊ नये असा आमच्यात नियम आहे, आणि मी असते तर त्याच्या वतीनं सगळं मीच बोलले असते. सायलीही मला काही सांगत नाही. हे नाथानं आपणहून सांगितलं, आणि म्हणाला, “तिला कळीव.”

तर सायली स्वयंपाकघरातली भांडी समोर ठेवते आणि म्हणते, यातून तुमचं घर मांडा. कोण कुठे बसतं, कोण कुणाच्या जवळ, कोण लांब. आमची ही जुनी पद्धत आहे. परदेशात खुर्च्या वापरतात, आमच्याकडे भांडी बरी पडतात. नाथानं मोठा तांब्या मधोमध ठेवला, हा मी. त्याला खेटून पितळी डबा, ही आई. जवळ एक वाटी, हर्षाली. दूर कोपऱ्यात एक उंच पेला, ही नाशिकची आक्का. (पेला का, ते मी विचारलं नाही.) मग त्यानं एक झारा उचलून दाराच्या बाजूला ठेवला. सायलीनं विचारलं, हे कोण? म्हणाला, हा ट्रॅक्टर. आणि हात झटकून म्हणाला, झालं.

सायली म्हणाली, “आणि लंकाताई?”

नाथा म्हणाला, “ती असतीच की. तिला मांडायचं काय त्यात?”

एवढं सांगून तो मला म्हणाला, “आक्का, बोललो अन् माझं मलाच ऐकू आलं. ट्रॅक्टर मांडला गं मी. अन् ती नाय मांडली.” तो माझ्या सोफ्यावर बसून रडला. मीही रडले. मग दोघांनी भात खाल्ला, कारण तुझा तांदूळ वाया घालवायची दोघांचीही छाती नव्हती.

जेवण झाल्यावर त्यानं विचारलं, “आणायला जाऊ का तिला?” मी म्हटलं, “आणायला ती काय कांद्याच्या चाळीतलं पोतं आहे? मामा जाऊन आला, त्याचं काय झालं?” “मंग काय करू?” “ते मला विचारू नकोस. तिनं काय काय उचललं होतं ते तुला ठाऊक. त्यातलं तू काय न विचारता घेतलंस तेही तुलाच ठाऊक.”

त्यानं सुपारी कातरली, बराच वेळ. मग म्हणाला, “बुधवारी माल नेतो इंचूरला. पण सौदा तिच्याबिगर करायचा नाय. ती आली तर ती करील, नाय आली तर माल परत.”

हे मी त्याला शिकवलेलं नाही. उलट मीच म्हटलं, चाळीतला कांदा, असली दमट हवा, एकदा ट्रॉलीत हलवून परत आणलास तर सडायला लागेल. म्हणाला, “सडू दे.” आईला त्यानं अजून सांगितलेलं नाही.

मी तुला ये म्हणत नाही. कळवते आहे. यायचं की नाही, ते तुझं.

आक्का


नाशिक
१६ ऑगस्ट २०२५

लंका,

तू आली नाहीस. ठीक. मी मात्र गेले होते. कॉलेजची सुट्टी टाकली आणि सकाळीच विंचूरला जाऊन चहाच्या टपरीपाशी उभी राहिले. तिथून तुझी नेहमीची जागा दिसते. तू जे पाहिलं नाहीस ते सांगते, जसंच्या तसं.

ट्रॉल्या रांगेत लागल्या होत्या. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबत, बोली लावत पुढे येत होता. आपल्या ट्रॉलीपाशी आला, बोली लागली, आणि बरी लागली. चिठ्ठी लिहायला एकानं पेन काढलं तेवढ्यात नाथा म्हणाला, “थांबा. सौदा व्हायचा नाय.”

“का रं? भाव कमी वाटतो?”

“भाव चांगला हाय. मालकीण आलेली नाय. तिला इचारल्याबिगर माल द्यायचा नाय मला.”

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग जो हशा पिकला, तो टपरीपर्यंत आला. एकजण म्हणाला, “सकाळी सकाळीच बसला वाटतं गडी!” दुसरा म्हणाला, “वर्सभराची कसर काढली.” शेजारच्या ट्रॉलीवरचा एक म्हातारा तर खरंच खाली उतरून त्याच्या तोंडाजवळ नाक घेऊन आला. मी पाऊल उचललं होतं. लंका, इतक्या वर्षांत मी कितीतरी माणसं याच जागी घसरताना पाहिलीत. दारू सोडलेल्या माणसाला बाटलीची तेवढी भीती नसते, चारचौघांच्या हसण्याची असते. मला भीती वाटली, खरंच वाटली.

नाथानं तोंड उघडलं. भर बाजारात, सगळ्यांसमोर. म्हणाला, “घ्या, हुंगून घ्या. ज्याला ज्याला हुंगायचंय त्यानं हुंगा. अन् मग ऐका. मी पडलो व्हतो तवा हा माल तिनं इकला. तुम्ही लंकाबाईचा माल म्हनून डोळे झाकून घ्यायचे. मंग आता हा नाथाचा कसा झाला?”

हसणं थांबलं नाही, पण विरळ झालं. तो म्हातारा मागे सरकला. घोळका पुढच्या ट्रॉलीकडे गेला. नाथानं ताडपत्री ओढली, दोर बांधला आणि भरलेली ट्रॉली घेऊन घरी निघाला. मी त्याच्या मागे गाडी घेऊन गेले. रस्त्यात दुकान लागतं, तुला माहीत आहे. त्यानं वेगही वाढवला नाही आणि मानही वळवली नाही.

घरी आई दारात. भरलेली ट्रॉली परत का आली ते नाथानं सांगितलं, तशी तिनं छाती बडवून घेतली. “लोक काय म्हनतील? बायकूसाठी माल परत आनला?” मग सवयीनं म्हणाली, “हा कर.” नाथानं केलं. आईनं हुंगलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. मागून बाजारातून आलेला एकजण तिला तिथलं सगळं सांगून गेला. मग मला म्हणाली, “बाजारात सगळ्यांदेखत तोंड उघडलं म्हनती यानं?” मी म्हटलं, “हो.” “अन् तिचं नाव घेतलं?” “घेतलं.”

रात्री जेवली नाही. सकाळी नाथासमोर हात पसरून म्हणाली, “ती किल्ली दे.” त्यानं दिली. आई म्हणाली, “ही तिच्या कमरंची म्या काढली व्हती. त्यानं मागितली बी नव्हती. माझंच काम हाय हे, दुसऱ्या कुनाचं नाय.”

लंका, या घराबद्दल मला जे काही कळत होतं, त्यात हे नव्हतं. मी नाथाकडे बघत होते, तुझ्याकडे बघत होते. तिच्याकडून मी काही मागितलंच नव्हतं.

काल ती माझ्याकडे मुक्कामाला आली. मी म्हटलं, मी गाडीनं सोडते. तर म्हणाली, “नको, तू आलीस की तूच बोलशील.” खरं आहे. आता तिला घोटीच्या गाडीत बसवून देते आणि हे पत्र तिच्याच पिशवीत ठेवते. म्हणजे तू हे वाचतेस तेव्हा पत्र आणणारी तुझ्यासमोर बसलेली असेल. तिला वाचता येत नाही, पण तुझ्या तोंडाकडे बघून ती सगळं वाचील. चहात साखर कमी घाल. किल्ली तिच्या पिशवीत नाही, कमरेला आहे, साडीत खोचलेली. सकाळपासून दहादा चाचपून बघितलीय.

घ्यायची की नाही ते तुझ्यावर. नाही घेतलीस तर ती रागावणार नाही, तसं मला कबूल केलंय. एवढंच म्हणाली, “नाय घेतली तर एक रात र्‍हाऊन येईन. तिच्या हातचं जेवून लय दिस झाले.”

परतीच्या गाडीवर तिला घ्यायला मी कुणाला सांगितलेलं नाही. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

आक्का


घोटी
१८ ऑगस्ट

आक्का,

आत्याबाई नीट पोचल्या. तुमचं पत्र त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. बाजाराचं वाचलं ते दोनदा वाचायला लावलं. मग त्यांनी किल्ली काढून माझ्या पुढ्यात ठेवली अन् तोंड फिरवून बसल्या.

मी लगेच घेतली नाय. दुसऱ्या दिशी त्यांना घेऊन घोटीच्या बाजारात गेले. तिथं चावीवाला बसतो. त्याच्याकडून तशीच दुसरी करून घेतली. एक माझ्या कमरेला हाय. दुसरी आत्याबाईंनी सोताच्या हातानं या पत्रात गुंडाळलीय, संतोष आणून देईल, बुधवारच्या आत त्यांच्या लेकाला पोचवा. आत्याबाई म्हनाल्या, हे आधी कुनाला कसं सुचलं नाय. मी म्हनलं, एकच किल्ली हाय असं समदे धरून बसले व्हते.

आमची लावणी झालीय. बुधवारी आम्ही दोघी परस्पर विंचूरला येतो. तुमच्या भावाला सांगा, ट्रॉली भरताना वरचा माल अन् खालचा माल सारखा ठेवा, नाव माझं हाय. मुक्कामाचं त्यानंतर बघू.

सौदा मात्र मीच करणार.

लंका